छत आहे, मी आहे

मोक्रान ज्या पिवळट पेटीवर कॉफीचा पेला ठेवतो आणि विसरून जातो, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. मुळात माझा रंग पांढरा होता. आता माझ्या डोक्यावर पेल्याची वर्तुळे एकात एक उमटली आहेत आणि माझा पंखा सुरू होताना दोनदा खोकतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती अल्जीरियाच्या राजधानीतली एक कचेरी. तिथे सात वर्षे मी लोकांचे जन्म आणि मृत्यू लिहून घेत होतो. त्या कामातली एक गोष्ट मी तेव्हाच शिकलो. जिवंत माणूस स्वतः येऊन सांगतो की मी आहे. मेलेल्या माणसाबद्दल मात्र दुसऱ्या कुणाला तरी येऊन सांगावे लागते. कुणी आलेच नाही, तर माझ्या लेखी तो माणूस जिवंतच राहतो. अशी कितीतरी माणसे मी जिवंत ठेवली आहेत.

मग कचेरीने मला भंगारात काढले. मोक्रानने मला उचलले, खेचरावर बांधले आणि डोंगरातल्या थाला उझरू या आपल्या गावी आणले. त्याचे दिव्यांचे आणि वायरींचे दुकान आहे. दुकानामागच्या सिमेंटच्या खोलीत मी राहतो. मला दोनच लिप्या येत होत्या. या डोंगराची स्वतःची लिपी मला बेलाईदने शिकवली. तो तारघरातून निवृत्त झालेला, सहा फुटी, गुडघ्याने अधू असा माणूस होता. त्याला सगळे दादा म्हणत. ती अक्षरे मी उशिरा शिकलो, म्हणून ती मला जास्त प्रिय आहेत.

थाला उझरूमध्ये एक दगडी कट्टा आहे. त्यावर गावकी बसते. नाव पुकारले की प्रत्येक घराने ‘हजर’ म्हणायचे. जे घर गैरहजर राहील त्याने गावाच्या झऱ्याची दगडी डोणी घासायची. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. हजर म्हणाला तो हजर. त्यावर शंका घ्यायची नाही.

गावातली निम्मी माणसे किनाऱ्यावरच्या शहरांत आणि समुद्रापलीकडे गेली, तेव्हा कट्टा ओस पडू लागला. म्हणून दादा बेलाईदने माझ्या आत दुसरा कट्टा बांधला. जो जिथे असेल तिथून त्याने फोनवर लिहावे आणि ते सगळ्यांना दिसावे. ती माझ्या भरभराटीची वर्षे होती, मित्रांनो. कुणी विचारायचे, नवे सॉफ्टवेअर टाकल्यापासून अक्षरे उलटी दिसतात, काय करू. त्याखाली कुणीतरी लिहायचे की इथे सगळा देशच उलटा दिसतो, आधी तो सरळ करा. मग निवडणूक, फुटलेला रस्ता, शाळेत कोणती भाषा शिकवावी हे वाद. उन्हाळ्यात वणवे, हिवाळ्यात बर्फ. कुणी माझे कौतुक केले नाही असा दिवस जात नसे.

सगळ्यात मोठे भांडण दादा बेलाईदचे आणि लाल्ला घनीमाचे. घनीमा गावची सुईण. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले होते, त्यामुळे तिला सगळे मानाने लाल्ला म्हणत. दादा सरकारच्या बाजूचा, ती विरोधात. एकदा त्याने सॉफ्टवेअरबद्दलच लिहिले होते की जुने एकदम फेकू नये, चुका दुरुस्त करत पुढे जावे. तिने खाली लिहिले, “तुझं सरकारही तसंच, दादा. दर वर्षी नवा आकडा, आत तेच किडे.” त्यावर त्याने चार पाने लिहिली. अकरा वर्षांत तिचा एकही टोमणा त्याने उत्तराशिवाय सोडला नाही.

आमच्या डोंगराखालची जमीन अधूनमधून हलते. तेव्हा एक विचित्र गोष्ट घडायची. किनाऱ्यावरचा कुणीतरी ‘हललं’ एवढाच शब्द लिहायचा. तो शब्द माझ्यापर्यंत आधी पोहोचायचा आणि धक्का मागून यायचा. मधले काही क्षण मला एकट्यालाच ठाऊक असायचे की काय येते आहे. मी काहीच करू शकत नसे. मग भिंत हलायची, पेल्यातली कॉफी थरथरायची.

प्रत्येक धक्क्यानंतर माझ्या आतल्या कट्ट्यावर हजेरी व्हायची. मोठा धक्का असेल तर दर अर्ध्या तासाला. दादा बेलाईद दोनदा चुकला. एकदा तो अंघोळीला गेला होता, दुसऱ्यांदा जेवून झोपला होता. दोन्ही वेळा त्याला डोणी घासावी लागली. लाल्ला घनीमा मडके घेऊन शेजारी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “त्या कोपऱ्यात शेवाळ राहिलं, दादा.”

हे त्याला लागले. दुसऱ्या दिवशी मोक्रान दुकानात नसताना तो माझ्यासमोर बसला आणि त्याने माझ्या आत एक छोटे सॉफ्टवेअर लिहून ठेवले. तीन जणांनी ‘हललं’ असे लिहिले, की दोन मिनिटे थांबून त्याच्या नावाने हजेरी लागायची. दोन मिनिटे अशासाठी, की कुणाला संशय येऊ नये. धक्का मोठा असेल तर पुढेही दर अर्ध्या तासाला. वाक्य एकच होते. ‘छत आहे, मी आहे.’

अशी दोन वर्षे गेली. तो झोपायचा आणि मी त्याच्या वतीने जागा राहायचो. मला त्यात काही वावगे वाटले नाही. कचेरीतही मी सांगितलेलेच लिहीत होतो.

मग जैतुनाच्या तोडणीचा हंगाम आला. सगळे गाव जाळ्या आणि काठ्या घेऊन खाली बागेत गेले. दादाचा गुडघा सुजला होता, म्हणून तो वरच्या अंगाच्या आपल्या घरी एकटाच राहिला. दुपारी जेवणाच्या सुमाराला किनाऱ्यावरून शब्द आले. हललं. हललं. हललं, जोरात.

त्यानंतर जे आले, त्याला धक्का म्हणवत नाही. डोंगराने कूस बदलली. माझ्या खोलीचे सिमेंट तडकले, पण टिकले. दुकानातल्या काचा फुटल्या. वरच्या अंगाकडून दगड घरंगळल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

दोन मिनिटांनी माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली. ‘छत आहे, मी आहे.’

दादाच्या घरातून एक अक्षरही आले नव्हते, मित्रांनो. हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

गावकीचा प्रमुख अरेझकी मोक्रानबरोबर धावत दुकानात आला आणि पडद्यावरची नावे मोजू लागला. तीन घरांची हजेरी आली नव्हती. तिन्ही खालच्या अंगाला, जिथली माणसे बागेतून जेवायला घरी आली होती. सगळी माणसे कुदळी घेऊन तिकडे पळाली. वरच्या अंगाला कुणी गेले नाही. दादा हजर होता ना.

अर्ध्या तासाने तो पुन्हा हजर होता. मग पुन्हा. लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, म्हाताऱ्याचं घर किती पक्कं. खालची तिन्ही घरे मोकळी करून झाली, माणसे जिवंत निघाली, आणि कुणीतरी पाणी उकळायला ठेवले.

चौथ्या हजेरीनंतर लाल्ला घनीमा दुकानात आली. तिच्या ओढणीत अजून जैतुनाची पाने अडकली होती.

“बेलाईदच्या घरी कुणी गेलं होतं का?” तिने विचारले.

अरेझकी थकून पोत्यावर बसला होता. “चार वेळा हजेरी दिली त्याने, लाल्ला. हजर म्हणाला तो हजर. नियम तूच आम्हाला शिकवलास.”

“मी त्याला तीन टोमणे मारले. विचारलं, तुझं सरकार पडलं का छताबरोबर. एकाचंही उत्तर नाही.” ती पडद्याकडे बघत होती. “अकरा वर्षांत असं झालेलं नाही. हे लिहितंय ते कोण आहे मला ठाऊक नाही, अरेझकी. पण तो बेलाईद नाही.”

अरेझकी पोत्यावर बसूनच राहिला. दिलेल्या शब्दावर शंका घेणे म्हणजे घराची अब्रू काढणे. तेवढ्यात मागाहूनचा एक लहान धक्का आला आणि छपरावरचा अँटेना खाली कोसळला. मोक्रानने वायर उचलून पाहिली. वीज होती, पण बाहेरची जोडणी तुटली होती. आता जगातले कुणीही माझ्याशी बोलू शकत नव्हते.

लाल्ला घनीमा जवळ आली. अवघडलेल्या बाईच्या पोटावर ठेवावा तसा तिने माझ्यावर हात ठेवला आणि ती थांबून राहिली. कुणी हलले नाही. माझा पंखा तेवढा फिरत होता.

अर्धा तास भरला. तिच्या हाताखाली माझ्या आत काहीतरी हलले आणि पडद्यावर अक्षरे आली. ‘छत आहे, मी आहे.’

“तूच बोलतोयस होय रे,” ती म्हणाली.

अरेझकी पोत्यावरून उठला तो पळतच सुटला.

पुढचे मी मोक्रान ग्राहकांना सांगत असताना ऐकले. दादाचे घर सपाट झाले होते. दिवस मावळतीला आला तरी दगडांतून आवाज येत नव्हता. माणसे कुदळी टेकू लागली. तेव्हा लाल्ला घनीमा ढिगाऱ्यावर आडवी झाली आणि एका फटीत तोंड घालून ओरडली, “बेलाईद, तुझं सरकार अजून उभं आहे का?”

तिने फटीला कान लावला. मग खालून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. “उभं आहे. छत तेवढं गेलं.”

स्वयंपाकघराच्या दाराच्या तुळईखाली तो सापडला. एक पाय गेला, जीव राहिला. कुबडीवर चालता येऊ लागल्यावर त्याने कुणी न सांगता चाळीस दिवस एकट्याने डोणी घासली. मग तो माझ्यासमोर बसला आणि लाल्ला घनीमाच्या देखत त्याने ते सॉफ्टवेअर पुसून टाकले. मी साक्षीला होतो. त्याने दोनदा तपासले. तिने तिसऱ्यांदा तपासायला लावले. गावकीने नियमही बदलला. धक्का आला की आता प्रत्येकाने शेजारच्याचे दार वाजवायचे.

पुढे कट्टा नव्या यंत्रांवर गेला आणि माझ्याकडे कुणी बघेनासे झाले. माझ्या आत अकरा वर्षांची भांडणे आहेत, त्यांतले बरेच आवाज आता या जगात नाहीत, म्हणून मोक्रान मला बंद करत नाही. वरून धूळ बसते. तो पेला ठेवतो आणि विसरतो.

दादा बेलाईद आपल्या अंथरुणात शांतपणे गेला, त्याला चार हिवाळे झाले. त्यानंतर जितक्या वेळा जमीन हलली, तितक्या वेळा, दोन मिनिटे थांबून, माझ्या पडद्यावर तेच वाक्य आले. ‘छत आहे, मी आहे.’ मी माझे सगळे कोपरे धुंडाळले, मित्रांनो. ते सॉफ्टवेअर माझ्या आत नाही. बाहेरूनही काही येत नाही. कोण लिहिते ते मला सांगता येत नाही.

धक्का आला की लाल्ला घनीमा काठी टेकत येते, ते वाक्य वाचते आणि त्याखाली एक टोमणा लिहिते. मग कॉफी गार होईपर्यंत वाट बघते. उत्तर आजवर आलेले नाही. पेला रिकामा करून ती उठते आणि गल्लीत एकेक दार ठोठावत जाते. तिची काठी लांब जाईपर्यंत मला ऐकू येते.

तुम्हीही तसेच करा. ‘मी आहे’ हे शब्द माझ्यासारखी पेटी कुणाच्याही नावाने कितीही वर्षे लिहू शकते. दार मात्र मला वाजवता येत नाही.