नेलिदाची फुंकर

दोरोतेआ वहिनी लांब मानेच्या, लोकरी अल्पाकाच्या नाकाला कान लावून बसली होती. औषधांची पेटी घेऊन मी दगडी आवारात शिरलो, तरी तिनं मान वळवली नाही.

"ऐका भावजी," ती म्हणाली. "आपली नेलिदा."

मी वाकून ऐकलं. आधी खरखर, मग बारीक शिट्टी, पुन्हा खरखर. माझी पुतणी, वहिनीची नेलिदा, जाण्याआधीचे चार दिवस असाच श्वास ओढत होती. त्या वेळी शहाणपणा मीच केला होता, "साधी सर्दी आहे, मुन्या झुडपाच्या पाल्याचा काढा द्या, खाली दवाखान्यात कशाला नेता?" गावात जनावरांना सुया टोचतो म्हणून माझा शब्द चालायचा. आठ महिने तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. आता तो जनावराच्या नाकातून येत होता.

हे पिल्लू जन्मलं तेव्हा गार पडलं होतं. नेलिदानं त्याचं नाक पुसून आत फुंकर घातली, तेव्हा कुठे ते हललं. पहिली फुंकर ज्याची, त्याचा श्वास जनावरात राहतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानतो. त्याला एकटं वाटू नये म्हणून वहिनीनं ते नेलिदाच्या मेंढ्यांत बांधलं, आणि घोटाळा तिथेच झाला. मेंढ्यांमागे फिरणारी माशी नाकाशी अळ्या सोडून जाते.

मी लोकरीचा धागा नाकपुड्यांपुढे धरला. डावीकडे हलला, उजवीकडे नुसता लटकला. त्या बाजूनं शेंबूड येत होता, त्यात रक्ताची रेघ.

"नाकात अळ्या आहेत, वहिनी. चारा सोडलाय त्यानं. सुई टोचली नाही तर हातचं जाईल."

"तुम्ही टोचाल आणि ती निघून जाईल."

"तिथे ती नाही. माशीची पिलावळ आहे."

"तुम्हाला काय कळतं? तेव्हा तरी काय कळलं होतं?"

हे वर्मी लागलं. मला रागच आला, कारण ती खरं बोलत होती.

"तेव्हा नाही कळलं," मी म्हणालो. "म्हणूनच आज ऐकणार नाही. मान धरा."

 मग कोकाची तीन पानं ओठांशी धरून तिनं औसांगाते डोंगरदेवाकडे फुंकर मारली, आणि मान धरली. मी छातीचा घेर मोजून वजन काढलं, तेवढं औषध भरलं आणि कातडीखाली सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा ते माझ्यासमोरच जोरात शिंकलं. दगडांवर तीन जाड मेलेल्या अळ्या पडल्या. वहिनीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं नाकाला कान लावला.

"काहीच नाही," ती म्हणाली. "नुसतं जनावर आहे."

अल्पाकानं मान खाली घातली आणि ते गवत ओढायला लागलं.

"एका सुईत बरं झालं?"

"हो."

"नेलिदाही झाली असती?"

खोटं बोलता आलं असतं. "एका सुईत नाही," मी म्हणालो. "तिचं दुखणं छातीचं होतं, आठवडाभर टोचावं लागलं असतं. पण हो, बहुतेक वाचली असती."

तिनं मान डोलावली. आवाज चढवला नाही.

"मेंढ्या वेगळ्या करून जा, भावजी. आणि परत येऊ नका."

मी एकेक मेंढी बाहेर काढली. वहिनी पाठमोरी बसून अल्पाकाचं नाक पुसत होती, आणि माझ्या कानात ती पोर श्वास ओढतच होती.