अर्नीचा पाचवा पाय

मी एक शेपटी बोलतेय. कांगारूची. आत्मवृत्त सांगण्याइतकं माझं कर्तृत्व आहे का, याची मला अजून खात्री नाही. लोक कांगारूच्या उड्या पाहतात, पोटाची पिशवी पाहतात आणि निघून जातात.

रस्त्याकडेला गाडीने उडवलेली कांगारू दिसली, की आमच्याकडची माणसं थांबून तिची पिशवी चाचपतात. डोरीनने चाचपली तेव्हा आत अर्नी होता आणि त्याच्यामागे, सुतळीएवढी, मी. अर्नी हे तिच्या सासऱ्याचं नाव. कान तसेच आहेत म्हणे.

स्वयंपाकघराच्या दाराला उशीचा जुना अभ्रा टांगला, तीच आमची आई. अर्नी त्यात डोकं खुपसायचा, आतच कोलांटी मारायचा आणि तोंड बाहेर काढायचा. तो वाढला, अभ्रा वाढला नाही. मी बाहेर लोंबू लागले. डोरीनचा नवरा नेव्हिल चहा घेऊन जाताना माझ्यावर पाय द्यायचा आणि माफी अर्नीची मागायचा.

खरी पंचाईत फरशीची होती. डोरीन ती आरशासारखी ठेवायची. कांगारू सावकाश चालतो तेव्हा पुढचे दोन पाय आणि मी त्याला तोलून धरतो. मग मागचे पाय जोडीने पुढे येतात. त्या फरशीवर मी टेकले की घसरायचे आणि अर्नी तोंडावर आपटायचा. शेवटी त्याने माझा भरवसाच सोडला. मी नुसती फरपटत मागून जायचे. त्याचं चुकलं असं कसं म्हणू? भरवसा मलाही नव्हता.

संध्याकाळी कुंपणापलीकडे कांगारूंचा कळप चरायला यायचा. अर्नीला त्यांच्यात सोडायचं होतं. पण कळपात राहायचं तर तरण्या नरांशी झटापट आलीच, आणि शेपटीवर भार टाकल्याशिवाय लाथ मारता येत नाही.

“राहू दे अजून थोडे दिवस,” डोरीन म्हणाली. “त्याला धड उभंही राहता येत नाही.”

“अगं, तुझ्या फरशीवर मलाही राहता येत नाही,” नेव्हिल म्हणाला. “मला कुठे सोडणार आहेस?”

“तुला कुठलाच कळप घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मात्र तिनेच फाटक उघडलं.

अर्नी बाहेर पडतो न पडतो तोच एका तरण्या नराने त्याचे खांदे धरले. अर्नीला मागे सरकायचं होतं. कांगारूला ते जमत नाही. मी आड येते. मग एकच उपाय उरला. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला. मला डोळे असते तर मी ते मिटले असते.

खाली खरखरीत माती होती. मी घसरले नाही.

अर्नीचे दोन्ही पाय एकदम उचलले गेले आणि तो नर बुडावर आपटला. उठून तो, कांगारू उकाड्यात अंग गार करायला चाटतात तसे, आपले हात चाटू लागला, जणू त्याला मघापासून नुसतं उकडतच होतं. मग अर्नीच्या शेजारीच चरू लागला.

अंधारायच्या आधी कळप निघाला. अर्नीने वळून पाहिलं नाही. फाटकात उभ्या डोरीनला शेवटी दिसले ती मीच; प्रत्येक उडीला वर, खाली, वर, खाली. तोल सांभाळायला मला तसं करावंच लागतं. पण तिने हात वर केला आणि कितीतरी वेळ हलवत राहिली.

तुमची कधी तिच्याशी गाठ पडली, तर एवढं करा. तो निरोप नव्हता, हे तिला सांगू नका.