एकही लिंक तुटली नाही

किळस येते मला या 'नव्या रूपा'ची. आमच्या हॉस्पिटलची वेबसाइट नवी करायचं ठरलं तेव्हाच, ती सांभाळणारी म्हणून, मी साहेबांना बजावलं होतं, रंग काय हवे ते फासा, पण जुन्या पानांचे पत्ते मोडू नका. पान हलवलंच, तर जुन्या लिंकवरून माणूस त्याच पानाच्या नव्या जागी पोचला पाहिजे. घरी गेलेल्या पेशंटांच्या फोनमध्ये त्या लिंक आहेत. ड्रेसिंग कसं करायचं, नळी कशी साफ करायची, सगळं तिथंच.

साहेब म्हणाले, जुनं उकरत बसायला वेळ कुणाला आहे? मग त्यांनी आणि रंगाऱ्यानं (आम्ही डिझायनरला हेच म्हणतो) शक्कल लढवली. जुन्या लिंक सरसकट होमपेजवर वळवल्या. तपासणीत एकही लिंक तुटलेली निघाली नाही. निघेल कशी? सगळ्या चालू, फक्त हव्या त्या पानावर कुणाला नेत नाहीत. त्यावर केक कापला मेल्यांनी.

त्याच आठवड्यात माझी मावशी काकांना आमच्याच हॉस्पिटलात घेऊन आली. काकांच्या गळ्यात नळी बसवलीय, श्वास तिच्यातूनच. कफ अडकला तर आतली नळी कशी काढायची, या व्हिडिओची लिंक आमच्या नर्सबाईंनी मावशीच्या फोनमध्ये ठेवून दिली होती. ती दरवेळी तो बघत बघतच करायची. त्या दुपारी काका घुसमटले. तिनं लिंक दाबली, तर समोर आमचे हसरे डॉक्टर आणि 'नव्या रूपात आपलं स्वागत'. मागे जाऊन पुन्हा दाबली. पुन्हा तेच दात. शेवटी शेजाऱ्यांनी काकांना गाडीत घातलं. जीव वाचला, पण मेंदूला प्राणवायू कमी पडला. आता ते मावशीला ओळखत नाहीत.

मी तिचा फोन घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं आणि लिंक दाबून फोन त्यांच्या नाकासमोर धरला. वाईट झालं म्हणाले, आणि लगेच आपला कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर वर चढणारी रेघ होती.

"होमपेजच्या भेटी तिपटीनं वाढल्यात. लोकांना आवडलंय."

त्या रेघेत माझी मावशी होती, बोटानं पुन्हा पुन्हा दाबणारी. आणखी कोण कोण होतं, देव जाणे. म्हटलं, परवानगी गेली खड्ड्यात. जागेवर येऊन बसले आणि एकेक जुना पत्ता त्याच्या खऱ्या पानाला जोडत गेले.

दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या बाहेर मावशीला फोन परत दिला. लिंक दुरुस्त केलीय असं सांगून दाबून दाखवली. व्हिडिओ लगेच सुरू झाला. चूक आमची होती हे मी तिला परोपरीनं समजावलं. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

"चालतंय की गं," ती म्हणाली. "माझंच बोट चुकलं असेल."