भरपाईचे चोपन्न तास

"आठवडाभर यांच्यापुढे घसा फोडायचा आणि शनिवारी दुपारीही यांचीच तोंडं बघायची! तास बुडवणार या, आणि शिक्षा भोगायची मी," ग्रंथालयाच्या बाई पुस्तकांच्या कपाटाला सांगत होत्या. टाचणी त्या कपाटाला टेकूनच बसली होती, त्यामुळे कपाटाच्या आधी तिनेच ऐकलं.

टाचणी हे काही हजेरीपटावरचं नाव नव्हे. आईच्या शिवणाच्या दुकानात चिंध्यांमध्ये रांगत वाढलेली, अंगाने काडी आणि बोलण्याला टोक, म्हणून टाचणी. शाळेचं शेवटचं वर्ष. परीक्षा पंधरा दिवसांवर. नियम असा की बुडलेले तास आधी भरून काढायचे, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं.

तिचे नऊ दिवस बुडाले होते. रोजचे सहा तास, म्हणजे चोपन्न. पण पालकांनी घरच्या अडचणीची चिठ्ठी दिली की निम्मे माफ होत. उरले सत्तावीस. त्यातले एकवीस तिने या ग्रंथालयात बसून भरले होते. आजचे तीन, पुढच्या शनिवारचे तीन, संपलं. हा हिशोब तिला उशाशी घेऊन झोपण्याइतका पाठ होता.

बाईंनी सही करायला फाइल उघडली. "अजून तेहतीस," त्या म्हणाल्या.

"सहा, बाई."

"सहा? राणीसाहेब, गणिताचेच तास बुडवलेत वाटतं! अडचण असेल तर निम्मे माफ. उंडारायला गेलेल्यांना नाही." आणि फाइल तिच्यापुढे सरकवली.

चिठ्ठी आईच्या अक्षरातली होती. 'ळ' काढताना आईचा हात दोऱ्याच्या रिळासारखी वेटोळी घ्यायचा, त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

'मुलगी शाळेला म्हणून घरातून निघते. कुठे जाते, आम्हाला कळत नाही. योग्य ती शिक्षा करावी.'

टाचणीने ती दोनदा वाचली. बाहेर मैदानावर शाळेचा बँड सराव करत होता. बासष्ट लाल कोट, प्रत्येकाला आठ बटणं. ढोलवाल्याच्या डाव्या बाहीची टीप किंचित वाकडी आहे, हे सबंध शाळेत एकट्या टाचणीला माहीत होतं. आईची मदतनीस ऐन वेळी काम सोडून गेली आणि आई म्हणाली होती, "नऊच दिवस गं. काज-बटणं तेवढी उरक. शाळेचं मी बघते."

आईने बघितलं होतं, ते असं.

तीन वाजता मोठ्या बाईंनी तिला आणि आईला बोलावलं होतं. आई धावतपळत आली. गळ्यात टेप तसाच. हातात डबा.

"खाल्लंस का काही?"

"चिठ्ठीत काय लिहिलंस तू?"

आईने डबा या हातातून त्या हातात घेतला. "हळू बोल. अगं, तुमचे बँडमास्तरच म्हणाले. शाळेच्या कोटांसाठी शाळेतलीच मुलगी घरी बसवली, हे वर कळलं तर काम जाईल. पळून जाते म्हणा, पोरांना फार तर दोन-चार शनिवार बसवतात. मला काय ठाऊक, परीक्षेवर येईल!"

"मग आता सांग ना खरं."

"सांगते ना. बघते मी. तू फक्त मान खाली घालून बस."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते टाचणीने पुस्तकात वाचलं होतं. कापणारी माणसं डबा घेऊन येतात, हे पुस्तकात नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत बँडमास्तर आधीच बसले होते. तेच तिचे वर्गशिक्षक. दर दोन दिवसांनी दुकानात यायचे, तिच्या मशीनपाशी उभं राहून 'वा, हात चालतो हं पोरीचा' म्हणायचे. आता ते पंखा न्याहाळत होते.

"नऊ दिवस कुठे जात होतीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

टाचणीने आईकडे पाहिलं. आईने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "वयच तसं आहे हो," आई म्हणाली. "माफ करा एकदा."

"मास्तर, तुम्हाला काही कल्पना?"

"छे! मी आपला सरावात," मास्तर पंख्याला म्हणाले.

टाचणीने मोठ्या बाईंपुढे आलेल्या त्याच फाइलीतून चिठ्ठी ओढून काढली आणि उलटी करून ठेवली. आई कागद कधी वाया घालवत नसे. पाठकोऱ्या पावतीवरच सगळं लिहायची. पुढच्या बाजूला छाती, खांदा, बाही असे रकाने होते. वर 'शाळेचा बँड'. खाली त्याच नऊ दिवसांतली एक तारीख, आणि आकडे टाचणीच्या अक्षरात.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. "हे अक्षर हिचंच ना?"

टाचणी आईकडे वळली. एक शब्द, टाचणी मनात म्हणत होती, एकच शब्द बोल, मी सगळं विसरेन.

"जुनी पावती असेल," आई म्हणाली. "घरात पडलेली असते, पोरं गिरगटतात काहीतरी."

टाचणीने खाली घातलेली मान वर केली.

"मी कुठेच गेले नव्हते, बाई. हे कोट शिवत होते. आई माझ्या समोरच्या मशीनवर होती."