कारणाचा रकाना

"सही इथं करा," म्हणत ज्योतीराम सरांनी फॉर्म पुढे सरकवला. तो आधीच भरलेला होता. अलमास करीम शेख, नववी क. पुढच्या वर्षी विज्ञानाऐवजी ब्यूटी पार्लरचा कोर्स.

हसीनाने पेन उचललं नाही. "हे कुणी ठरवलं, सर?"

"अहो ताई, तुमच्याच भल्यासाठी. दहावी झाली की पोरगी कमावती. तुमच्या वस्तीतल्या सगळ्याच मुलींचं तसं केलंय."

"सगळ्यांचं? एकदम?"

"अम्मी, राहू दे ना," दाराशी उभी असलेली अलमास पुटपुटली.

हसीना तळवड्यातल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. तिथे एखादा भाग नापास करायचा तर तो तीनदा मोजायचा, मगच लाल टॅग बांधायचा. टॅगवर माप, कारण आणि खाली सही. तिला स्वतःला आठवीत शाळेने शिवणवर्गात बसवलं होतं. तेव्हा कुणी काही मोजलं नव्हतं.

"तिचे विज्ञानाचे मार्क किती?"

सरांनी वही उघडली. "एकोणऐंशी."

"मग?"

"मार्कांचं नाही हो. घरची परिस्थिती बघावी लागते."

हसीनाने कामाच्या कोटाच्या खिशातून एक लाल टॅग काढून टेबलावर ठेवला. "मग यावर तेच लिहा. कारण, आई कंपनीत, बाप गॅरेजात. खाली तुमची सही."

"हे काय भलतंच!"

"पार्लर वाईट नाही, सर. माझ्या बहिणीचं आहे पिंपळे गुरवला, झकास चालतं. हिनं मागितलं असतं तर मी पेढे वाटले असते. अलमास, तुला काय पाहिजे?"

"विज्ञान."

"सरांना ऐकू गेलं नाही."

"विज्ञान पाहिजे!"

सरांचं पेन टॅगवर थबकलं. मग त्यांनी फॉर्म ओढून त्यावर आडवी रेघ मारली. "झालं समाधान?"

"हिचं झालं. बाकीच्या मुलींना कुणी विचारलं का?"

सरांनी वही मिटून खणात ठेवली. हसीना उठली. कोरा टॅग टेबलावरच राहिला.

दुपारच्या शिफ्टला ओंकार सुपरवायझरने टॅगचे नंबर तपासले. "मावशी, एक कमी आहे. कुणाला नापास करून आलात?"

"कुणालाच नाही."

तिने नोंदवहीत टॅगचा नंबर लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कोरा राहिला.' खाली सही केली आणि मोजायला पहिला भाग उचलला.