व्हर्नाबाईंची तक्रार

आमच्या डोंगरात जमीन रोज हलते आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. कपबशा फळीला चिकटवून ठेवायच्या, पलंगाच्या डोक्याशी जड फोटो लावायचा नाही, आणि हादरा बसला की "वाफवाले" असं पुटपुटून हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. वाफवाले म्हणजे आम्ही, जमिनीतल्या वाफेवर वीज करणारी कंपनी. इतकी वर्षं उपसून वाफ कमी पडायला लागली, म्हणून तळ्याकाठच्या गावांचं सांडपाणी स्वच्छ करून नळाने वर आणतात आणि खोल विहिरींत सोडतात. तापल्या खडकावर गार पाणी पडलं की खडक तडकतो, आणि वरची घरं हादरतात.

मी, रोवीना, त्या कंपनीत तक्रारीचा फोन घेते. शिव्या कंपनीला, पण खायच्या मी. मग माझंही डोकं फिरतं. मी सांगते, बाबांनो, तुमच्याच संडासाचं पाणी आहे, मी काय घरून आणलं?

सगळ्यात जास्त फोन व्हर्ना हॅल्व्हरसनबाईंचे. जीभ अशी, की ऐकणाऱ्याचे कान सोलून निघावेत. धक्का बसला की पाचव्या मिनिटाला बाई फोनवर हजर. धुराड्याला तडा गेला, मांजर घाबरून जेवत नाही, केक मधोमध खचला, सगळं आमच्यामुळे. गंमत म्हणजे त्यांचा नवरा ऑरिन आमच्याच विहिरींवर आयुष्यभर खपून निवृत्त झालेला. तो अधूनमधून ऑफिसात यायचा, बागेतली पेअरची पिशवी माझ्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "तू भांडत जा तिच्याशी. तुझ्याशी भांडून झालं की ती माझ्याशी गोड बोलते." मला तो माणूस फार आवडायचा. खरं सांगायचं तर बाईही आवडायच्या, पण हे त्यांना कळलं असतं तर दोघींचंही भांडणातलं लक्ष उडालं असतं.

त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते. कंपनी विकायला काढली होती. टोकियोहून दोन गृहस्थ आले होते, आणि कॅनडातल्या कुठल्याशा पेन्शन फंडाच्या एक बाई. आमचा मॅनेजर लायल आठवडाभर एकच पाठ म्हणत होता. केनियात विहिरी खणतायत, इंडोनेशियात खणतायत, संगणकांची मोठमोठी गोदामं चालवणाऱ्यांना रात्रंदिवस न थांबणारी वीज हवी आहे, आपल्या जुन्या विहिरींना आज भाव आहे, उद्याचं कुणी सांगावं. गिऱ्हाइकाला भीती फक्त एकाच गोष्टीची, शेजाऱ्यांच्या तक्रारींची. तेव्हा रोवीना, कृपा करून आज तोंडाला आवर घाल.

पाहुणे नेमके माझ्या टेबलापाशी उभे होते. लायल त्यांना पडद्यावरच्या रेघा दाखवत होता. डोंगरात जागोजागी यंत्रं पुरलेली आहेत, कुठेही जरा खुट्ट झालं की रेघ उडी मारते. त्या सकाळी सगळ्या रेघा सरळ होत्या. तेवढ्यात फोन वाजला आणि व्हर्नाबाईंचा नंबर दिसला. लायलला काय सुचलं कोण जाणे, पाहुण्यांना आमची सेवा ऐकू दे म्हणून त्याने आवाज मोठा करायला लावला.

बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. असला धक्का आजवर बसला नव्हता म्हणे. सगळं घर एकदाच दाणकन हललं, खिडकी थरथरली, चिकटवलेली बशीसुद्धा सुटून फुटली. तुम्ही लोक आम्हाला जिवंत गाडणार आहात एक दिवस.

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळच्या सरळ. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाई माझ्या तावडीत सापडल्या होत्या, आणि तेही पाहुण्यांसमोर. मी आवाजात साखर घोळून म्हटलं की बाई, आज आमच्याकडे काहीच नोंद नाही. तुमच्या घराखालचं यंत्रही गप्प आहे.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठे असं म्हणाले? यंत्र म्हणतंय."

"तुझ्या यंत्राला घाल चुलीत. बशी माझ्या समोर फुटून पडलीय."

लायलने अंगठा वर करून मला शाबासकी दिली. पेन्शनवाल्या बाई हसू दाबत होत्या. मीही रंगात आले. म्हटलं, मांजराने पाडली असेल, ऑरिननी दार आपटलं असेल. बाई म्हणाल्या की ऑरिन घरात नाहीच, तो मागच्या अंगणात आहे, वणव्यात जळालेल्या पाइनपाशी. आज नुसत्या फांद्या छाटणार म्हणून गेलाय. या वयात माणसं लावून झाड पाडून घे म्हटलं तर ऐकेल तो कसला.

माझ्या तोंडात पुढचा टोमणा तयार होता. तो तसाच राहिला. जमीन हलली नव्हती आणि घर हललं होतं.

"व्हर्नाबाई," मी म्हटलं, "करवतीचा आवाज येतोय का?"

पलीकडे काहीच ऐकू येईना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि बाईंनी ऑरिनला हाक मारली. एकदा मारली. दुसऱ्यांदा जी मारली ती हाक नव्हती.

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे होतो. टोकियोच्या गृहस्थांपैकी एकाने टोपी काढून हातात घेतली. मी दुसऱ्या फोनवरून अग्निशमनवाल्यांना कळवलं, चाव्या उचलल्या आणि निघाले. लायल मागून काहीतरी म्हणाला, मी थांबले नाही. घाटात गाडी कशी चालवली ते मला आजही आठवत नाही.

मी पोचले तेव्हा अग्निशमनवाल्यांनी झाडाचं खोड कापून बाजूला केलं होतं आणि ऑरिनवर पिवळी चादर घातली होती. त्यांच्यातला एक पोऱ्याएवढा गडी माझ्या कानाशी म्हणाला की लगेच गेला असणार. व्हर्नाबाई पायरीपाशी उभ्या होत्या. फोन अजून हातातच होता. मी जवळ गेले तर त्या माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"तो हाक मारत असेल का गं? मी तुझ्याशी भांडत होते."

मी म्हटलं की नाही बाई, तो लगेच गेला, त्यांनीच सांगितलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्याशा हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"धक्का नव्हता, तर मी त्याच्यावर झाड पडल्याचीच तक्रार करत बसले होते."

मला माझीच लाज वाटली, आणि भयंकर भीती वाटली, कारण ही बाई आता रोज त्या स्वयंपाकघरात बसणार होती आणि रोज तेच ऐकणार होती.

शेरीफचा माणूस वही घेऊन आला. कॅम्पबेल नाव त्याचं, गावातलाच, ऑरिनला काका म्हणणारा. त्याने हळू आवाजात विचारलं की काकू, झाड कशाने पडलं काही सांगता येईल का? व्हर्नाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कॅम्पबेलही माझ्याकडे बघायला लागला, कारण डोंगर कधी हलला हे या गावात मलाच विचारतात.

माझ्या खिशात फोन थरथरत होता. लायलच असणार. रेघ सरळ होती हे त्याने पाहिलं होतं, टोकियोने पाहिलं होतं, कॅनडाने पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत कुणीही ती उघडून बघितली असती. कंपनीच्या धक्क्याने माणूस मेला असं कंपनीच्याच बाईने सांगितलं, तर सौदा तर जाईलच, आणि मला या जिल्ह्यात कुणी झाडूसुद्धा हातात देणार नाही.

"धक्का होता," मी म्हणाले. "मोठा होता. आमच्याकडे नोंद आहे."

कॅम्पबेलने लिहून घेतलं. व्हर्नाबाईंनी माझं मनगट सोडलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.