मागे बघायचं नाही

ऑपरेशननंतर बायको पहिल्यांदाच जिना उतरणार होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला आधीच दम भरला होता, "तुम्ही पुढे चालायचं. काही झालं तरी मागे बघायचं नाही. तुमचं तोंड बघितलं की त्यांच्या पायातलं बळ जातं." माझ्या तोंडाला काय झालंय, असं विचारणार होतो, पण गिळलं.

गिटारी जुळवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कान तिखट. मागे तिच्या सपाता वाजत होत्या. उजवी नीट पडायची, डावी फरफटायची. दोन मजले झाले. खाली दारातली टॅक्सी दिसायला लागली. शेवटच्या दहा पायऱ्या उरल्या आणि सपाता थांबल्या.

"आहेस ना गं?" मी पुढेच बघत विचारलं. उत्तर नाही. पडली की काय म्हणून मी वळलो.

ती दोनच पायऱ्या मागे होती. सपाता काखेत धरून, कठडा सोडून, अनवाणी उतरत होती. ओठ दाबून हसत होती. मला चकित करायचं होतं तिला.

मग तिने माझ्या घाबरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. हसू गेलं. कठडा धरून ती मटकन खाली बसली.

"इतकं वाईट आहे का रे माझं?"